शुभेच्छुकांची दुसरी रांग

पेढे ताटलीत काढताना चमचा हातातून निसटला आणि फरशीवर खणकन वाजला. झोळीतला धाकटा चुळबुळला. मी झोळीला हात लावून उभी राहिले. त्याचा श्वास पुन्हा संथ झाला, तेव्हा वाकून चमचा उचलला.

बाहेर टीव्हीचा आवाज बंदच होता. पडद्यावर नवे पंतप्रधान शपथ घेत होते. जुन्यांनी राजीनामा दिल्यापासून दिल्लीत नुसत्या बेरजा चालल्या होत्या. बेरीज जमली ती माझ्या सासरचा पक्ष आणि माहेरचा पक्ष एकत्र आल्यावर.

सासर बारामतीचं, माहेर तिकडं इंदापूर तालुक्यात, शेळगावला. सासरे, म्हणजे तात्या, एका पक्षाचे. माझे वडील, आबा, दुसऱ्याचे. लग्नात यावरून नुसती चेष्टा झाली होती. मग गेल्या निवडणुकीत प्रचार संपता संपता दोन मिरवणुका समोरासमोर आल्या. दगड उडाले. एक माझ्या भावाच्या, शिवमच्या, कानामागं बसला. दगड कुणाकडचा, ते ठरलं नाही. शिवम गेला. आबांनी या घराचा उंबरा चढणं सोडलं.

आज ते येणार होते. तात्यांना पेढा भरवायला, फोटोसाठी. वरून निरोपच होता तसा.

सकाळी स्वरदाला शाळेत सोडताना चौकातला फ्लेक्स पाहिला होता. दोन्ही चिन्हं शेजारी, 'आघाडी सरकारचे हार्दिक अभिनंदन', वर नेते, खाली शुभेच्छुकांचे टिकलीएवढे चेहरे. दुसऱ्या रांगेत शिवम. गॉगल कपाळावर, फोटो माझ्या लग्नातला.

मला काहीच वाटलं नाही. गाडीवर मागं बसलेली स्वरदा मात्र "मामा!" म्हणून ओरडली.

"जुना फोटो चुकून घेतला असंल त्यांनी," घरी येऊन मी तात्यांना म्हणाले. "आबा यायच्या आत तेवढा काढायला सांगा ना."

"आता कुठं शिडी शोधू?" तात्या टोपी झटकत म्हणाले. "आन् एकच चेहरा फाडला तर लोक म्हणत्याल, आघाडी आजच फुटली."

आबा आले. मी पाण्याचा तांब्या दिला. तांब्या घेताना त्यांची बोटं माझ्या बोटांना लागली, गार होती.

"या हिंदुराव! वाट चुकला वाटतं?" तात्या दारातच हसले.

"वाट न्हाय चुकलो. सरकार बदललं."

कार्यकर्ते खो खो हसले. मोबाइल वर झाले. आबांनी तात्यांना पेढा भरवला, तात्यांनी आबांना. "आबा, जरा हसा की!" कुणीतरी ओरडलं, तसे आबा हसले. पेढा मात्र बराच वेळ त्यांच्या गालात तसाच होता.

गर्दी चहाकडं वळल्यावर ते स्वयंपाकघरात आले. झोळीत डोकावले. या नातवाला ते पहिल्यांदाच बघत होते.

"कुणावर गेलाय गं?"

मी झोळीची दोरी सारखी केली. म्हणाले, "आबा, चौकातला फोटो बघितला का? चुकून लागलाय. मी सांगते काढायला."

"चुकून न्हाय. मीच दिलाय."

मी झोळी सोडून त्यांच्याकडं वळले.

"त्याच्या पक्षाचं सरकार आलं. ह्याच्यासाठीच पळत हुता न्हवं? असता तर फ्लेक्सवर नसता व्हय?" त्यांनी उपरण्यानं ओठ पुसले. "पैल्या रांगेत घ्या म्हणलं हुतं. दुसरीत टाकला मेल्यांनी."

मी गॅस बारीक केला. चहा उतू गेलाच होता. फडकं घेतलं आणि ओटा पुसत राहिले, कोरडा झाल्यावरही.

शाळेतून आलेली स्वरदा आत आली, दोन्ही गालांत पेढे. सध्या दिसेल ते वाचत सुटते पोरगी.

"आई, शुभेच्छुक म्हणजे काय?"

"दुसऱ्याचं चांगलं व्हावं असं ज्याला वाटतं, तो."

तिनं आबांकडं पाहिलं. मग दारातून दिसणाऱ्या तात्यांकडं पाहिलं. हातातला अर्धा पेढा तिनं माझ्या तोंडाशी धरला.

"मग मामाला कुणाचं चांगलं व्हावं असं वाटतंय?"