अंगाइतकं ऊन पाणी

मी एक जुना हलता टब आहे. नाक मुरडू नका मित्रांनो, आंघोळीचा नव्हे! मी प्रयोगशाळेतला टब. पोलादी पत्र्याचं अंग, पोटात पाणी, पाण्याखाली तापणारी कांब आणि वर मागेपुढे डुलणारी जाळी. त्या जाळीत काचेच्या नळ्या उभ्या केल्या की मी त्यांना झुलवत राहतो आणि पाणी माणसाच्या अंगाइतकं ऊन ठेवतो. ना कमी, ना जास्त. हेच माझं आयुष्यभराचं काम.

अंगाइतकंच ऊन का, ते सांगतो. ऐकून अंगावर काटा येईल. येऊ द्या, माझ्याही पत्र्यावर पहिल्या दिवशी आला होता.

कारखान्यातून निघालो तेव्हा मी नुसता चकाकत होतो. वाटलं होतं, कुठल्यातरी दूध डेअरीत नाहीतर मिठाईच्या कारखान्यात नेमणूक होईल. हमालांनी मला इस्पितळाच्या मागच्या इमारतीत जिन्याने चढवलं. "आत काय हत्ती भरलाय का!" असं म्हणत त्यांनी मला दणकन खाली ठेवलं, आणि तेव्हापासून माझ्या जाळीला खडखडायची सवय लागली ती लागलीच. ती खोली मोठ्या बाईंची होती. बाई म्हणजे तिथल्या मुख्य संशोधक. बोलायला फटकळ, चालायला भरभर, चहा नेहमी गार झाल्यावर आठवायचा. त्यांचा सगळा अभ्यास माणसाच्या यकृताचा. आपण गिळलेल्या औषधाचं पुढे काय करायचं ते यकृत ठरवतं. त्यात विकरं नावाचे अगदी बारीक कामकरी असतात. ते औषध मोडतात, बदलतात, बाहेर घालवतात. आणि प्रत्येकाच्या घरचे कामकरी वेगळे, बरं का. कुणाचे आळशी, कुणाचे अतिउत्साही.

बाईंकडे ही यकृतं यायची ती गेलेल्या माणसांची. घरच्यांनी दान केलेली, पण दुसऱ्या कुणाला बसवता न येणारी. बाई ती वाटून, गाळून, लहान लहान कुप्यांत भरून कडाक्याच्या थंडीत गोठवून ठेवत. मग एखादी कुपी काढायची, वितळवायची, थोडा अंश नळीत ओतायचा, त्यात औषधाचा थेंब टाकायचा आणि नळी माझ्या स्वाधीन करायची.

आणि मग ते कामाला लागायचं.

माणूस जाऊन वर्ष झालेलं असतं. घरच्यांनी त्याचे कपडे वाटून टाकलेले असतात, चप्पलसुद्धा दाराबाहेरून गेलेली असते. पण त्याच्या यकृताला हे कुणी कळवलेलंच नसतं! अंगाइतकी ऊब लागली की त्याला वाटतं, आपण घरीच आहोत. समोर औषध आलंय, चला, आवरा भराभर. नळीला ना डोळे, ना तोंड. तरी आत कुणीतरी आहे हे मला कळायचं. भिंतीपलीकडे कुणी भांडी घासत असलं की कसं कळतं, तसं. शेजारी एक नळी बाई मुद्दाम उकळून ठेवत, तुलनेसाठी; उकळलं की कामकरी मरतात. तिच्यातून काहीच यायचं नाही. तिच्या शेजारी डुलताना मला बरं वाटायचं नाही, अजूनही आठवलं की वाटत नाही.

माझी दुरुस्ती करायला एक मिस्त्री यायचे. जाडजूड, हसतमुख गृहस्थ. थर्मामीटरवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. बाही सारून मनगट माझ्या पाण्यात बुडवायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "हं. अंगाइतकं आहे." माझी जाळी खडखडली की झाकणाच्या डाव्या कोपऱ्यावर अंगठा टेकवून उभे राहायचे. खडखड बंद! बाई चिडवायच्या, "मिस्त्री, तुमचा अंगठाच इथे ठेवून जा की." ते म्हणायचे, "मेल्यावर देईन बाई. काय लागेल ते घ्या, आपलं काही वाया जायला नको."

पुढे ते कुठल्याशा लहान ऑपरेशनसाठी इस्पितळात दाखल झाले आणि गेलेच. श्वास थांबला, चार दिवस यंत्रावर होते, मग यंत्रही काढलं. त्यांच्या बायकोने नवऱ्याचा शब्द पाळला. बाईंनी त्या कुप्यांना नेहमीच्या पांढऱ्या पट्टीऐवजी निळी पट्टी चिकटवली.

आता बाईंची एक रीत होती. एकट्याच्या यकृतावर भरवसा कसा ठेवायचा, म्हणून त्या पाच-सहा जणांचं एकत्र मिसळत आणि त्या मिश्रणावर औषध तपासत. म्हणजे सरासरी माणूस कसा वागेल ते कळतं. मिस्त्रीही त्या मिश्रणात गेले. आणि एका साध्या वेदनाशामक औषधाचा आकडा एकदम चढला. ते औषध मोठं विचित्र होतं. गोळी स्वतः तशी मवाळ, पण यकृत तिचं रूपांतर जहाल औषधात करतं, आणि तेच दुखणं थांबवतं. आता हे रूपांतर फारच झपाट्याने होत होतं. पाणी जास्त तापलं की असं होऊ शकतं, म्हणून खापर फुटलं ते कुणाच्या डोक्यावर? माझ्या!

नवा दुरुस्तीवाला आला, दोन-दोन थर्मामीटर लावून बसला. "बाई, याला काही झालेलं नाही."

"मग आकडा चढतो कसा?"

"जुना झालाय. काढून टाका."

झालं! मला बाहेरच्या बोळात भिंतीला लावलं. पाणी काढलं, वायर गुंडाळली. इतकी वर्षं सांगितलं तसं पाणी राखलं, आणि हे बक्षीस. रडू येत होतं, पण कोरड्या टबाने रडायचं तरी कशाने?

एका दुपारी त्याच बोळात मिस्त्रींची बायको आली. मिस्त्रींच्या पिशवीत प्रयोगशाळेची एक किल्ली निघाली होती, ती द्यायला. बाई दारातच भेटल्या.

"वहिनी, तुम्ही कशाला त्रास घेतलात? मुलगी कशी आहे?"

"इथेच, वरच्या मजल्यावर दाखल आहे. कोपराचं हाड मोडलंय. उद्या सकाळी ऑपरेशन."

"घाबरू नका, साधं असतं ते."

"ऑपरेशनला नाही हो घाबरत. नंतरच्या गोळ्यांना घाबरते. हसाल तुम्ही मला."

"नाही हसणार. सांगा."

वहिनी माझ्या झाकणावर टेकल्या. "ह्यांचंही साधंच होतं. ऑपरेशन उत्तम झालं. दुखू नये म्हणून सगळ्यांना देतात तीच गोळी दिली. शेजारच्या खाटेवरचा माणूस ती घेऊनसुद्धा कण्हत होता, आणि हे म्हणाले, दुखणं कुठल्या कुठे पळालं! मग झोपले. अशी झोप की काय सांगू. मला बरंच वाटलं, निवांत झोपलाय माणूस. मी पायावर पांघरूण ओढलं. श्वास कधी थांबला ते शेजारी बसून कळलं नाही मला. डॉक्टर म्हणाले, हृदय कमजोर असेल."

बाईंच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. "गोळीचं नाव आठवतंय?"

वहिनींनी नाव सांगितलं. तेच औषध होतं, ज्याचा आकडा चढला होता.

बाईंनी मला स्वतः ओढत आत नेलं, पाणी भरलं, बटण दाबलं. मी खडखडायला लागलो. त्यांनी थर्मामीटर हातात घेतलं, मग खाली ठेवलं आणि बाही सारून मनगट पाण्यात बुडवलं. निळ्या पट्टीची एकच कुपी उरली होती. तीन नळ्या माझ्या जाळीत लागल्या: मिश्रणाची, उकळलेली, आणि मिस्त्रींची.

मित्रांनो, मिस्त्रींची नळी पाण्यात उतरली आणि माझी खडखड थांबली. झाकणावर कुणाचाही हात नव्हता. बाईंनी वाकून पाहिलं, आणि त्या एक पाऊल मागे सरकल्या. नळीत नुसती धांदल उडाली होती. औषध आलं, घ्या, बदला, पुढे द्या! त्यांच्या कामकऱ्यांना कामाचा असा सोस की गोळी एकदम सगळीच जहाल झाली, श्वास थांबला आणि धन्याचा जीव त्यातच गेला, आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता. माझं पाणी ऊनच होतं, तरी मला हुडहुडी भरली.

बाईंनी शेजारच्या खोलीतल्या यंत्रावर नळ्या तपासल्या आणि सर्जनना फोन लावला. "मिस्त्रींच्या मुलीला ती गोळी द्यायची नाही. दुसरं काही द्या. वडिलांचं यकृत तिच्यात उतरलं असेल, तर ती उठायची नाही."

पलीकडून चिडका आवाज आला. "बाई, मेलेल्या माणसाच्या तुकड्यावरून मी औषध बदलू?"

"मेला तो तुमच्याकडे. इथे माझ्या टबात तो अजून कामावर आहे. खाली या आणि बघा."

सर्जन आले. आकडे पाहिले, पुन्हा पाहिले. माझ्याकडे पाहणं मात्र त्यांनी टाळलं. गोळी बदलली.

मुलगी सुखरूप घरी गेली. पुढे रक्तावरून हा दोष ओळखायची सोय झाली, तेव्हा बाईंनी तिची तपासणी करवली. बापाचंच यकृत घेऊन आली होती पोर. वहिनींनी ते ऐकून मुलीचा हात धरला, तो खूप वेळ सोडलाच नाही.

त्या दिवशी मुलगी मला पाहायला आली. पूर्वी तिने मला कधी पाहिलं नव्हतं. निळी पट्टी केव्हाच संपली होती, माझी खडखड परत सुरू झाली होती. तिने बाही सारली, मनगट पाण्यात बुडवलं, डोळे मिटले. "अंगाइतकं आहे," ती म्हणाली. आणि बोलता बोलता, सहज, तिचा अंगठा माझ्या झाकणाच्या डाव्या कोपऱ्यावर टेकला.

माझी खडखड एकदम थांबली. बाईंच्या हातातला कप तसाच राहिला. "हे तुला कुणी शिकवलं?"

"काय?" असं म्हणून मुलगी इकडेतिकडे बघू लागली.

आता मी पुन्हा बोळात आहे. या वेळी माझी काही तक्रार नाही, नवा टब आलाय आणि तो बिचारा बरा आहे. तुमच्याकडे एकच मागणं आहे, मित्रांनो. तुमच्या घरात कुणाला कुठलं औषध सोसलं नसेल, कुणी साध्या गोळीने गुंगून पडलं असेल, तर ते डॉक्टरांना सांगा. हसतील म्हणून गप्प बसू नका. वहिनी त्या दिवशी किल्ली देऊन तशाच गेल्या असत्या तर?

आणि कधी या बोळातून गेलात, तर माझ्या झाकणावर हात ठेवून पाहा. वायर गुंडाळलेली आहे, पोटात थेंबभर पाणी नाही. तरी डावा कोपरा तुम्हाला ऊन लागेल. घाबरू नका. अंगाइतकाच ऊन असतो तो.