मी, फोनच्या डोंगरावर जाणारी पाण्याची पिशवी

मी बोलतेय ती ओटिलीच्या दाराशी खिळ्याला टांगलेली कॅनव्हासची पाण्याची पिशवी. तोंडाला बूच, गळ्यात दोर, पोट सदा ओलं. त्या शनिवारी ओटिलीला रात्रभर झोप नव्हती. काळजी एकच. उद्या लेक एर्ना डोंगरावर येणार, फोन कानाला लावणार आणि पलीकडून कोणीच बोलणार नाही.

हे कळायला आधी माझं थोडं ऐकावं लागेल.

माझा पहिला मालक ओटिलीचा गॉटहार्ड मामा. तो रस्तेदुरुस्तीचा ट्रक चालवायचा आणि मला पुढच्या बंपरला बांधायचा. वारा लागला की माझ्या पोटातलं पाणी असं गार व्हायचं, की लोक दोनदा मागायचे. पण माझी जातच अवघड. पाणी गार ठेवायचं तर मला पाझरावं लागतं. धरून ठेवलं तर ते तापतं, सोडत राहिलं तर संपतं. नेमकं किती सोडायचं, हे मला नीट जमलंय असं मला कधीच वाटलं नाही.

पुढे ट्रकमध्ये बर्फाची पेटी आली आणि मी खाटेखाली गेले, शेळ्यांच्या दोरांच्या ढिगात. मला बाहेर काढलं ते ओटिलीनं, नवरा हिस्किया दूर समुद्रकाठी, वॉल्विस बे बंदरात, मासेमारीच्या बोटीवर गेला तेव्हा. आमच्या वस्तीत फोन लागत नाही. लागतो तो मागच्या काळ्या डोंगराच्या माथ्यावर. हिस्कियाला सुट्टी रविवारी दुपारी. म्हणून चर्च सुटलं, की ओटिली मला खांद्याला लावून वर निघायची.

सुरुवातीला ती माथ्यावर इतक्या मोठ्यानं हसायची, की सरडे पळायचे. हिवाळ्यापासून मात्र फोन नुसता वाजत राहतो. ती ऐकत उभी राहते, दोन घोट पिते आणि उतरते. खाली एर्ना वाट बघत असते. सात वर्षांची आहे.

"काय म्हणाला बाबा?"

"म्हणाला, एवढा मोठा मासा मिळाला, की बोटीच्या दारातून आत जाईना."

"मग?"

"मग दारच काढलं."

ओटिली वस्तीच्या शाळेत शिकवते. खोटं बोलू नये, हा धडाही तीच घेते.

त्या रविवारी एर्ना आधीच बूट घालून बसली होती. "आज मी येणार. मागच्या वेळी नाही म्हणालीस, त्याच्या आधी पण नाही म्हणालीस."

कुंपणापाशी शेजारची आल्विने मावशी होती. "या उन्हात लेकराला नेतेस? डोकं घरी विसरलीस की काय?"

"हिलाच यायचंय, मावशी."

"मग नाही म्हणायला काय झालं? तोंडात लापशी आहे का तुझ्या?"

नोव्हेंबर म्हणजे आमच्याकडे भर उन्हाळा. दगड असे तापलेले, की हात टेकवेना. वाटेत झाड नाही, नुसती विषारी चिकाची झुडपं. एर्ना पुढे पुढे चालत होती.

"आधी मी बोलणार."

"बरं."

"तू मध्ये बोलायचं नाही."

"बरं बाई."

पहिल्या विसाव्याला ओटिलीनं मला खाली ठेवलं ते नेमकं एका धारदार दगडावर, आणि तिच्या नकळत माझ्या तळाची शिवण उसवली. निघताना तिनं माझ्या पोटाला हात लावला. ओलं. "छान पाझरतेय," ती म्हणाली. ओल्या कापडात पाणी गार का राहतं, हे ती मुलांना फळ्यावर चित्र काढून शिकवते. मला ओरडावंसं वाटत होतं. पण जी सदा ओलीच असते, ती आज वाहून चाललीय हे कोणाला दिसणार?

चढ थोडासाच उरला होता. फोनसाठी लोक उभे राहतात तो सपाट खडक दिसत होता. एर्ना एकदम खाली बसली. ओठ पांढरे, कपाळ कोरडं. घामाचा थेंब नाही. ते पाहून ओटिली धावत आली. तिनं बूच काढलं, मला हलवलं. तळाशी चार घोट.

तिनं माथ्याकडे पाहिलं, मग पोरीकडे. तेव्हा तिच्या चेहऱ्यावर भीती होती, आणि भीतीच्या खाली सुटका होती. तिलाही ते कळलं असावं, कारण ती स्वतःवरच चिडल्यासारखी माझा दोर खेचायला लागली.

"खरंच पाणी संपलंय," ती म्हणाली. खोटं आहे, असं कोणी म्हणालंही नव्हतं.

चारही घोट तिनं एर्नाला पाजले. स्वतःसाठी थेंब ठेवला नाही. पोरीला खडकाच्या वीतभर सावलीत ओढलं आणि मला, रिकामी पण ओली, तिच्या डोक्यावर पसरलं. बऱ्याच वेळानं एर्नाच्या कपाळावर घाम आला. तो मला आधी कळला.

आता माझ्या तळाला गॉटहार्ड मामाची जाड टाक्यांची शिवण आहे आणि मी पुन्हा खिळ्यावर आहे. मागणं एवढंच. माझ्यासारखीला खांद्यावर घ्याल, तेव्हा नुसता हात लावून बघू नका. उचलून वजन बघा.

त्या दुपारी ओटिली म्हणाली, "ऊन उतरलं की खाली जाऊ. बाबाशी पुढच्या रविवारी बोलू, हं?"

आता ही रडणार, असं तिला वाटलं. मलाही वाटलं. एर्नानं मला जरा वर सरकवलं आणि माझ्याखालून आईकडे पाहिलं.

"आई, आज बाबा काय म्हणाला ते मी सांगू?"