पेनरची प्रतिक्रिया

आमच्या कॅन्ससमध्ये शाळेतल्या वार्ताहरांना कायद्याचं संरक्षण आहे. विषय वादग्रस्त आहे एवढ्या कारणावरून मुख्याध्यापकाला बातमी दाबता येत नाही. कायदा उत्तम आहे, वीस वर्षं मी तो मुलांना शिकवतोय. दातांबद्दल त्यात काही नाही.

मार्गो श्राग ही 'हार्वेस्टर' या आमच्या शाळेच्या वार्तापत्राची संपादक, वय सतरा. तिची बातमी कुस्तीच्या संघाबद्दल होती. शेवटच्या वर्षाच्या तिघांनी नववीतल्या एका नव्या पोराला चटईत गुंडाळलं, वरून चिकटपट्टी मारली आणि त्याच्यावर आळीपाळीने उड्या मारल्या. स्वागताची प्रथा म्हणे. पोराची प्लीहा फुटली. शाळेने घरी कळवलं, जिन्यावरून पडला. मार्गोकडे शस्त्रक्रियेचे कागद होते, आईचा सहीनिशी जबाब होता आणि तिघांची नावं होती. पहिलं नाव डेन पेनरचं. आठवड्याने राज्यस्पर्धा होती आणि सुवर्णपदकासाठी सगळं गाव त्याच्याकडे डोळे लावून बसलं होतं.

मुख्याध्यापक उन्रूंनी बातमी दोनदा वाचली. "कायदा आहे बाबा," ते म्हणाले. "माझे हात बांधलेत."

अडलं ते माझ्यापाशी. मी अंकाचा सल्लागार शिक्षक.

"पेनरची बाजू कुठाय?"

"तीन ईमेल टाकल्या, मिस्टर लोवेन. उत्तरच देत नाही."

"ईमेल टाकली म्हणजे विचारलं असं होत नाही. समोर जाऊन विचार."

पत्रकारितेच्या दृष्टीने सल्ला निर्दोष होता.

साडेतीनला ती सरावाच्या खोलीत गेली. खिशातला फोन रेकॉर्ड करत होता, त्यामुळे पुढची चार मिनिटं मला शब्दशः ठाऊक आहेत.

"या या, बातमीवाल्या बाई," पेनर म्हणतो. "वजन करून घ्यायला आलात?"

"नऊ तारखेला तू त्या मुलावर उडी मारलीस का?"

हशा. मग दाराची कडी.

"कुणी सांगितलं गं? त्या रडक्याने?"

"हो की नाही, तेवढं सांग. म्हणशील ते जसंच्या तसं छापते."

पहिला ठोसा नीट ऐकू येत नाही. ओला टॉवेल आपटावा तसा आवाज आहे. कुस्तीच्या खोलीत भिंतींना गाद्या असतात, म्हणून त्यांनी तिला केसांना धरून गादी नसलेल्या जागी नेलं. पाणी प्यायच्या नळाला पत्र्याची कड आहे. तिथे तोंड आपटलेलं मोजता येतं. तीनदा. पुढचे दोन दात तिथेच राहिले. मग कुणीतरी ओरडतं, "हात, हात! लिहायचा हात!" आणि उजव्या मनगटावर टाच पडते. हाड मोडल्याचा आवाज मात्र स्वच्छ आलाय. शेवटी प्रशिक्षक येतात. "पुरे रे आता," ते म्हणतात. "बोटं दुखवून घ्याल."

दुसऱ्या दिवशी उन्रू जवळजवळ प्रसन्न होते. रात्रीत त्यांनी कायदा शेवटपर्यंत वाचला होता.

"शाळेच्या कामकाजात मोठा व्यत्यय येत असेल तर मजकूर रोखता येतो. हे बघ, इथं लिहिलंय. आता मला सांग, व्यत्यय आला का नाही?"

"व्यत्यय पेनरने आणला."

"अरे, पण कशामुळे? छापायच्या आधीच या बातमीने दोन दात पाडले. छापल्यावर काय करेल?" त्यांनी एक कागद पुढे सरकवला. बातमी रोखायला सल्लागार सहमत आहे, एवढंच त्यावर होतं.

"आणि शेरीफ?"

"जबाब घेणार आहेत ना. स्पर्धा होऊ दे."

कागद खिशात घालून मी इस्पितळात गेलो. मार्गोचे ओठ टाक्यांनी शिवलेले, डावा डोळा मिटलेला. उन्रूंनी काय मागितलंय ते तिला सांगितलं.

"सही केलीत?"

"अजून नाही."

"अजून?"

हा शब्द तिने फार कष्टाने उच्चारला. नकार दिला म्हणून सल्लागाराला काढता येत नाही, हेही त्याच कायद्यात आहे. म्हणजे नोकरीच्या भीतीची सबबसुद्धा मला उरली नव्हती.

"लिहून घ्या," ती म्हणाली. "'पेनरने उत्तर दिलं नाही', हे वाक्य काढा. खोटं झालंय ते. त्याने प्रतिक्रिया दिली. रेकॉर्डिंगमधलं सगळं घाला, वेळेसकट. आणि मिस्टर लोवेन, माझ्या नावामागे 'शूर'बिर लावू नका."

मी लिहून घेतलं. उन्रूंचा कागद सही न करताच परत केला.

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत मी स्वतः छापील अंकांचा गठ्ठा घेऊन जेवणघरात उभा राहिलो. दहा मिनिटांत पेनर आला. हातात अंक होता, चेहरा लालबुंद.

"मला विचारल्याशिवाय माझं नाव छापलंत!"

"विचारलं होतं," मी म्हणालो.

त्याचं डोकं माझ्या नाकावर आदळलं, मग गुडघा बरगडीत. मी ताटांच्या गाडीसकट आडवा झालो. अंक फरशीवर पसरले, रक्त आणि टोमॅटोच्या रसात भिजायला लागले. त्याचे दोघे दोस्त ते बुटांनी तुडवत होते. जेवणघरातली पोरं उठली. मला वाटलं, पळतील. ती वाकली, बुटांखालून एकेक अंक ओढू लागली. एकीच्या बोटांवर बूट पडला, ती किंचाळली, पण अंक तिने सोडला नाही. तो घेऊन ती मला ओलांडून पलीकडे गेली आणि ओलं पान सुटं करून मोठ्याने वाचू लागली.