जाड ऑइल

गैबीसाबनं पातळ ऑइलचा डबा उघडायला घेतला, तेव्हा महादेवीनं झाकणावर हात ठेवला.

"ते नको, भाई. जाड घाला."

होटगी रोडवरच्या त्याच्या गॅरेजात असं सांगणारे रोज येत. सोलापूरच्या उन्हाला जाडच ऑइल लागतं, असा साऱ्या शहराचा ठाम समज. गैबीसाबनं नेहमीचं पुराण लावलं. ह्या गाडीला कंपनीनं हे पातळ, ५डब्ल्यू-३० सांगितलंय. जाड, २०डब्ल्यू-५० घातलं तर सकाळी ते वरपर्यंत लवकर चढत नाही, इंजिन कोरडं घासतं. महादेवी झाकणावरचा हात काही काढत नव्हती.

मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. गाडी तिच्या मुलाची, शरणबसवची. तो दिवाळीआधी तापानं गेला. आता ती विकायला काढली असणार. इंजिनची टकटक दाबायला विकणारे जाड ऑइल भरतात, ही धंद्यातली जुनी चलाखी. महादेवीकडून त्याला ही अपेक्षा नव्हती. त्याला वाईट वाटलं.

"अक्का, घेणाऱ्याला फसवू नका. आवाज हाय तर हाय म्हनून सांगा की."

"त्याला ठाव हाय."

तिनं रस्त्यापलीकडं बोट दाखवलं. गाडी इथवर चालवत आणणारा तिचा शेजारी ईश्वरप्पा टपरीवर चहा पीत उभा होता.

"त्योच घेतोय. त्याला इचारूनच आले."

"मग कशाला?"

महादेवीनं पदरानं उगाच झाकण पुसलं. ईश्वरप्पाचं घर तिच्या दारासमोरच. तोही चिंचोळीच्या कारखान्यात कामाला, शरणबसवसारखाच. रोज त्याच वेळेला परतणार.

"ती टकटक गल्लीत शिरली की मी भाकरी टाकायला उठते, भाई. काल ह्यानं गाडी फिरवून बघितली, तवाबी उठले. दोन भाकरी झाल्या, मग ध्यानात आलं."

गैबीसाबचा जीव तुटला. तरी खरं ते सांगणं भाग होतं. जाड ऑइलनं आवाज मिटत नाही, नुसता दबतो.

"दोन-तीन म्हैन्यांनी परत येईल, अक्का."

"येऊ दे की. तवर मोडंल माजी सवय."

त्यानं पातळ ऑइलचा डबा बाजूला सारला. जाड ऑइल सावकाश उतरलं. इंजिन चालू केलं, तर टकटक कुठंच नव्हती. महादेवी बॉनेटजवळ कान नेऊन तशीच वाकून ऐकत राहिली, आणि गैबीसाबला इंजिन बंद करवेना.