माव्याचा उपाय

धाकट्या भावाच्या पत्राला मी पाच महिने उत्तर दिलं नाही. पत्र एका पानाचं होतं.

‘दादा, तुझ्या वाफ्यातल्या घेवड्यावरची माव्याची कीड कशाने गेली ते सविस्तर लिही. फोनवर तू नुसता हं-हं करतोस. यंदा सगळ्या शेतात तोच उपाय करीन म्हणतो. सेंद्रियच्या प्रमाणपत्रासाठी तपासनीस बाई येणार आहेत, त्यांनाही सांगायचा आहे.’

शेत दोघांचं, पण कसतो तो. मी ग्रंथालयात नोकरी केली. सेंद्रिय शेतीवरची अकरा पुस्तकं मी वाचली आहेत, त्याने एकही नाही. तरी त्याचा खताचा ढीग हात घातला तर चटका बसावा इतका तापायचा आणि माझा न कुजता ओल्या पोत्यासारखा थंड पडून राहायचा. लोक सल्ला विचारायला त्याच्याकडे येत. माझी बायकोसुद्धा त्याने दिलेला मुळा हातात धरून म्हणायची, “भाऊजींच्या हाताला गुण आहे.” माझ्या हाताला काय आहे, ते मी कधी विचारलं नाही.

गेल्या वर्षी दोन महिने तिथे राहायला गेलो, तेव्हा त्याने मला कोपऱ्यातला एक वाफा दिला. दोघांच्याही घेवड्यावर मावा पडला. तो म्हणाला, “आठ दिवस हात लावू नकोस. लाल ठिपकेवाले किडे येतील, तेच खातील.” त्याच्याकडे ते चौथ्या दिवशी आले. माझ्याकडे एकही फिरकला नाही. किड्यांनाही तोच पसंत. सहाव्या दिवशी तो बाजारात गेला असताना मी दुकानातून विषारी औषधाची बाटली आणली आणि फवारली.

दोन दिवसांत पानं स्वच्छ. धाकट्याने एकेक पान उलटून पाहिलं आणि शेजाऱ्यांना हाक मारली. “बघा, माझ्याकडे अजून किड्यांच्या पंगती उठताहेत, दादाने सगळं साफ केलं. वाचणाऱ्याचं डोकं वेगळंच.” त्याच्या आवाजात किंचित असूया होती. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा.

गेल्या आठवड्यात भावजयीचा फोन आला. बायकोने फोन ठेवून मला सांगितलं, “भाऊजी कधी लसूण उकळतात, कधी साबणाचं पाणी मारतात. दादाने हेच केलं असेल, म्हणतात. आठ दिवस थांबणं सोडलंय. किडे यायच्या आत पानं धुतात, आणि मावा वाढतोच आहे.”

मला आधी बरं वाटलं. लिहायला लाज वाटते, पण वाटलं.

“एक ओळ लिहायला तुम्हाला काय ग्रंथ लागतो?” बायको म्हणाली.

पहिला खर्डा उत्तम उतरला. त्यात कडुनिंबाचा अर्क होता, प्रमाण होतं, फवारायची वेळ होती. सगळं पुस्तकातलं. तो फाडला आणि दुसरा लिहिला.

‘उपाय काही नाही. तू बाजारात गेलास तेव्हा मी बाटलीतलं औषध मारलं. तपासनीस बाईंना कोपऱ्यातला वाफा वगळायला सांग. बाकी ठिकाणी तुझे आठ दिवसच बरोबर आहेत. तुझा हेवा वाटला म्हणून मारलं.’

शेवटचं वाक्य दोनदा खोडलं. तिसऱ्यांदा राहू दिलं.

टपालपेटीच्या तोंडात पाकीट अर्धं गेलं तरी माझी बोटं सुटेनात. मागे एक बाई उभी होती. “आजोबा, टाकताय ना?” तिने विचारलं.

टाकलं.