दुपारची आच

या, असे जवळ सरकून बसा. कीर्तनाचे बुवा पाणी पिऊन पुन्हा उभे राहीपर्यंत वेळ आहे, तेवढ्यात परतूरच्या एका भट्टीची गोष्ट ऐकून घ्या. देवाचं नाव तिच्यात फार येणार नाही. पण तो कुठे होता, हे ऐकल्यावर तुम्हीच ठरवा.

लायबाने ओल्या फडक्याने पाटी पुसली आणि खडूने लिहिलं : 'बाहेरचे ट्रे – सत्तर रुपये.' कालपर्यंत तिथे चाळीस होते.

दिवाळी आठ दिवसांवर आली होती. या दिवसांत परतूरच्या आणि आसपासच्या खेड्यांतल्या बायका मैदा, तूप, साखर घरीच मळून डब्यातून आणायच्या आणि खैरुनबीच्या बेकरीत नानकटाई भाजून न्यायच्या. किती वर्षांची रीत, कोणी मोजलेली नव्हती. लायबा मात्र या घरात सून होऊन आली त्याला जेमतेम वर्ष झालं होतं. जालन्याला बी.कॉम. केलेली, आकड्यांत तल्लख. तिचा नवरा अतिक विटांची जुनी भट्टी मोडून विजेवरची मशीन घ्यायच्या विचारात होता. शुक्रवारी मशीनवाला बयाणा घ्यायला यायचा होता. भट्टी परवडते की नाही, हे सांगायचं काम लायबाकडे होतं.

तिने लाकूड, लाईट, पालिकेची पट्टी, भट्टीवरच्या भुजंगची मजुरी, सगळं एकत्र धरलं आणि दिवसभरात भाजल्या जाणाऱ्या ट्रेंवर सारखं वाटलं.

"अम्मी, एका ट्रेमागं पासष्ट रुपये खर्चा पडून राह्यला, अन् बायांकडून आपण चाळीस घेऊन राह्यलो. पंचवीस पदरचे चालले."

खैरुनबी पावाच्या लाद्या मोजत होती. तिने मान वर केली नाही.

"मंग लिव्ह सत्तर."

"मालकीण, बाया येणार न्हाईत," भुजंग भट्टीच्या तोंडाशी उभा होता, तिथूनच म्हणाला.

"न्हाई आल्या तर न्हाई."

अकरा वाजता खेड्यावरची झुंबरबाई आली, दरवर्षीचं गिऱ्हाईक. डोक्यावर डबा, अंगावर प्रवासाची धूळ. पाटीवरचा आकडा तिने दोनदा वाचला.

"सत्तर? अगं खैरुन, नानकटाई भाजायची हाय का लगीन लावायचं हाय? तुझी सून शिकलेली हाय का रुसलेली?"

खैरुनबी हसली, पण पाटीला हात लावला नाही. झुंबरबाईने डबा पुन्हा डोक्यावर घेतला. तिच्यामागे उभ्या असलेल्या चौघीही वळल्या. दुपारी भुजंगने भट्टीच्या तोंडाला पत्रा लावून टाकला. दुसरा दिवसही तसाच गेला.

तिसऱ्या दिवशी दुपारची नमाज आटोपून खैरुनबी आली आणि तिने सुनेला हाक मारली.

"इथं हात लाव."

लायबाने भट्टीच्या भिंतीवर तळवा टेकला आणि चटकन मागे घेतला.

"ही आच कुनाच्या खात्यात लिव्हली तू?"

"पावाच्या. पावासाठीच तर पहाटं पेटवतो ना भट्टी."

"पाव नवाच्या आत गेले. पैशे बी आले. मंग आता जी उरली, ती कुनाची?"

लायबाने पुन्हा भिंतीकडे पाहिलं. कानामागची पेन्सिल तिने हातात घेतली, पण लिहिलं काहीच नाही.

"दोन दिवस बाया न्हाईत आल्या," खैरुनबी म्हणाली. "लाकडं किती वाचली, इच्यार त्याला."

"रोजची चार," भुजंगने विचारायच्या आधीच सांगितलं. "ट्रे असले की भट्टी जरा जास्त निवते, मंग पहाटं चार लाकडं जास्त खाते. मालकिणीनं पयल्याच दिवाळीत मोजून ठेवलंय. अन् मला बायांच्या कामाचे दीडशे वरून भेटतात. त्याच्या पल्याड एक पैसा न्हाई."

आता पेन्सिल चालू लागली. चार लाकडांचे एकशे साठ. भुजंगचे दीडशे. ट्रे दिवसाला एकतीस. लायबाने आकडा मांडला, त्याच्याखाली रेघ ओढली आणि पुन्हा पहिल्यापासून करून पाहिला.

"अम्मी, एका ट्रेला दहाच रुपये पडतात."

"बराबर."

"म्हणजे चाळीसमधी तीस उरतात! अन् पुरा मोहल्ला म्हणतो, खैरुनबी सवाबसाठी भाजून देते, पुण्य कमावते."

"म्हणू दे की," खैरुनबीने पदर सावरला. "पुण्याचं काम म्हणलं की बाया भाव करत न्हाईत."

भुजंगला हसू आवरेना. तो पाठमोरा झाला.

खैरुनबी मात्र भिंतीपाशीच उभी होती. ही भट्टी तिच्या नवऱ्याने, पाशामियाँनी, बांधून घेतलेली. त्यांना जाऊनही बारा वर्षं झाली. भिंती दोन हात जाडीच्या, फरशीखाली आच धरून ठेवायला मिठाचा थर, त्याखाली कुटलेली काच. निम्मे पैसे जमिनीतच गेले होते. गवंडी हसला होता, खैरुनबी सांगू लागली, की मियाँ, पाव भाजायचे का किल्ला बांधायचा?

"काय म्हणाले मंग अब्बा?" लायबाने विचारलं. सासऱ्याला तिने पाहिलेलंही नव्हतं.

"म्हणले, खर्चा एकदाच दिसंल. आच रोज दिसंल."

लायबा मग दाराशी गेली. फडकं शोधत बसली नाही, ओढणीच्या टोकानेच तिने सत्तर पुसले आणि पुन्हा चाळीस लिहिले.

दुसऱ्या दिवशी झुंबरबाई सगळ्यांच्या आधी हजर. पाटी वाचून आत येताना म्हणाली, "सुटला म्हणायचा रुसवा!" लायबाने तिच्या डोक्यावरचा डबा स्वतः उतरवून घेतला.

शुक्रवारी मशीनवाला आला तेव्हा पायरीवर आठ-दहा डबे ओळीत लागले होते. त्यांतून वाट काढत तो आत आला आणि त्याने कागद पसरले. महिन्याचा हप्ता किती, सही कुठे करायची, सगळं त्याने अतिकला समजावलं. अतिकने खिशातून पेन काढलं.

लायबाने पाहुण्यापुढे गरम नानकटाईची बशी ठेवली.

"भैया, एक विचारू? तुमची मशीन बंद केल्यावर किती वेळ गरम राहते?"

"अजिबात नाही, मॅडम!" त्याचा चेहरा खुलला. "पाच मिनिटांत थंडगार. खुशाल हात लावा."

खैरुनबीने तोंडाला पदर लावला. अतिकने आधी बायकोकडे पाहिलं, मग बायांच्या ट्रेंनी भरलेल्या भट्टीकडे. भिंतीवरच्या घड्याळात एक वाजून गेला होता. त्याने पेनला टोपण लावलं आणि बशी पाहुण्याकडे आणखी सरकवली.

"घ्या ना भाई. आणखी एक घ्या."

बघा, बुवा उभे राहिले, टाळ घ्या हातात. एवढंच करा माझ्यासाठी. यंदा दिवाळीत नानकटाईचा तुकडा मोडाल तेव्हा पाशामियाँची आठवण काढा. देवाच्या दारात बसून काढलीत तरी चालेल. त्याला ते नाव परकं नाही.