वाचन मंडळाची गणपूर्ती

“सभेला वेळेवर जाऊ नकोस. वेळेवर जाणाऱ्याला खुर्च्यांशी गप्पा मारत बसावं लागतं,” असं हे मला सांगायचे. मी हसायचे. मी कशाला जातेय सभेला! नगरपालिका हा त्यांचा प्रांत. माझा प्रांत स्वयंपाकघर, देवाचा कोनाडा आणि मागच्या पायरीवरच्या चार कुंड्या.

मग हे गेले. वॉर्डातल्या लोकांनी त्यांच्या जागी मला उभं केलं. समोर कोणी उभंच राहिलं नाही, म्हणून मी निवडून आले. माझा पराक्रम म्हणाल तर एवढाच.

आता वेळेचं म्हणाल, तर ती मोडणं माझ्या हातून होत नाही. सकाळची माळ, दुपारचं पोथीचं एक पान, दिवेलागणीची प्रार्थना. घरात दुसरं कोणी नाही, त्यामुळे दिवसाला एवढ्याच काय त्या खुंट्या आहेत. एक निखळली तर सगळा दिवस खाली घरंगळेल अशी भीती वाटते. तीनची सभा म्हटली की मी तीनला दारात. आणि तीनला तिथे खुर्च्याच असतात.

त्याचं कारण सांगते. सभेला निम्मे सभासद हजर हवेत, तरच ती भरली म्हणायची. ह्याला गणपूर्ती म्हणतात. तेवढी माणसं नसली की सभा तहकूब करायची आणि अर्ध्या तासाने तिथेच पुन्हा घ्यायची. आणि ह्या तहकूब सभेला मात्र गणपूर्ती लागत नाही, जितके असतील तितके चालतात. हा नियम आमच्या सभासदांना इतका गोड लागला की वेळेवर येणं त्यांनी कायमचं सोडलं. साडेतीनला चहा येतो, चहाच्या मागोमाग सभासद येतात आणि नगराध्यक्ष, ज्यांना सगळं गाव दादा म्हणतं, रुमालाने तोंड पुसत म्हणतात, “तहकूब सभा सुरू करू या.” तहकूब न झालेली सभा मी अजून पाहिलेली नाही.

तर तो अर्धा तास माझा आणि शिपाईमामांचा. ते खुर्च्या पुसतात, मी खिडकीजवळच्या माझ्या खुर्चीत बसते.

“वहिनी, तुम्ही आलात की घड्याळाला किल्ली दिल्यासारखं वाटतं बघा,” असं म्हणून तेही व्हरांड्यात जाऊन डुलकी काढतात.

सभागृहाच्या डाव्या अंगाला भिंत नाही, लाकडी फळ्यांचा आडोसा आहे. त्यापलीकडे छोटी खोली. तिथून पहिल्याच सभेला मला आवाज ऐकू आला. कुणी बाई मोठ्याने वाचत होती. ठणठणीत, शब्द न् शब्द सुटा. मध्येच थांबायची. कुणी काही विचारतंय आणि ती ऐकून घेतेय असं वाटावं, इतका वेळ थांबायची. मग “हं, तर” म्हणून पुढे. मला वाटलं, पलीकडे खोलीभर बायका आहेत.

मामांना विचारलं, तर म्हणाले, “ते वाचन मंडळ. दर गुरुवारी असतं.”

“किती जणी असतात?”

मामांनी एक बोट वर केलं.

त्या पोस्टातल्या बाई. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण खिडकीच्या जाळीमागून “पत्ता नीट लिहा, देवाघरी नाही जायचंय पत्र” म्हणणारा त्यांचा आवाज गावाच्या कानात अजून आहे. मंडळ त्यांनीच काढलेलं. दुपारी बायकांचे हात शिवण-टिपण करायला मोकळे असतात, मग कानांनी काय पाप केलंय, म्हणून एकीने वाचायचं आणि बाकीच्यांनी हातातलं काम करत ऐकायचं. तेव्हा खोली पुरत नसे. मग कुणी लेकाकडे गेल्या, कुणी लेकीकडे, कुणी वर. बाईंना ना लेक ना लेकी. राहिल्या.

आमची महिन्याची सभाही गुरुवारीच, तर दर सभेला तो अर्धा तास मी ऐकत बसायची. गोष्टीचं डोकं एका सभेत, धड दुसऱ्या सभेत. मधले गुरुवार गाळलेले. तरी मला त्यातली माणसं ओळखीची झाली होती. घरी मी माळ ओढते तीही मनात. दिवसाकाठी माणसाचा एवढा आवाज माझ्या कानावर दुसरा कुठला पडत नव्हता.

गेल्या सभेला विषय नेहमीचेच. मंडईमागचं गटार उपसणे. दवाखान्यासमोरचा गतिरोधक इतका उंच झालाय की रुग्णालाच धक्का बसतो, तो तासून कमी करणे. मोकाट कुत्री. सार्वजनिक मुतारीचं हरवलेलं कुलूप. चिटणीस एका सुरात वाचत होते, दादा “हरकत?” विचारत होते, कुणी पुरतं तोंड उघडायच्या आत “सर्वानुमते मंजूर” होत होतं. ठेकेदार, म्हणजे आमचे सगळ्यात बोलके सभासद, बिस्किट चहात बुडवत होते.

“विषय नववा,” चिटणीस म्हणाले. “सभागृहालगतची खोली वाचन मंडळाकडून परत घेऊन पाणीपुरवठ्याचे पाइप ठेवण्यासाठी वापरणे. खोली देताना पाच बायकांची अट होती. सध्या उपस्थिती एक.”

“हरकत?” दादा म्हणाले.

पलीकडे वाचन चाललं होतं. आणि नेमकं त्याच क्षणी थांबलं.

मी कधी उठले ते मला कळलं नाही. खुर्ची करकरली तेव्हा सगळे वळले.

“मला... माझी हरकत आहे.”

“अरे वा!” ठेकेदारांचं बिस्किट चहात पडलं. “वहिनींना आवाज आहे तर! आम्हाला वाटलं, तुम्ही मौनातच निवडून आलात.”

लोक हसले. मी मनात देवाचं नाव घेतलं आणि म्हटलं, “गणपूर्ती नाही म्हणून खोली काढून घ्यायची, तर मग गणपूर्ती आपल्याकडेही नव्हती. तीन वाजता ह्या सभागृहात मी एकटी होते. आपण अर्धा तास थांबलो आणि तहकूब सभा भरवली. त्या बाईही अडीचला येऊन अर्धा तास थांबतात, मग तीनला वाचतात. त्यांचं मंडळ तहकूब आहे असं समजावं.”

दादाच पोट धरून हसायला लागले. त्यांच्यामागे सगळे. चिटणीसही हसले, आणि ते निवडणुकीच्या निकालालाही हसत नाहीत.

“तहकूब मंडळ!” ठेकेदार म्हणाले. “दादा, वहिनींनी आपलंच औषध आपल्याला पाजलं. पण पाइप काय माझ्या डोक्यावर ठेवू? बाहेर उन्हात तडकतायत.”

हेही खरंच होतं. पाइप तडकले तर पाणी कुणाला मिळणार? मी खाली बसायला लागले.

पण दादांनी हात वर केला. दादा माणूस वाईट नाही, फक्त उशिरा येतो. “थांबा वहिनी. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, कबूल. पण ठराव मांडायला एक सूचक लागतो आणि एक अनुमोदक. म्हणजे कमीत कमी दोन डोकी. एकट्याची सभा होत नाही हो. एकट्याचं ते आपलं आपल्याशीच बोलणं. त्याला नगरपालिका खोली कशी देणार?”

“आपलं आपल्याशीच” हे शब्द त्यांनी सहज उच्चारले. मी मात्र पुन्हा ताठ उभी राहिले.

“दुसरी कोणी असेल तर?” मी विचारलं.

“असेल तर बघू. पाइपांवर महिनाभर ताडपत्री टाकू. पण दर गुरुवारी हवी. एक जरी गुरुवार चुकला तरी पुढच्या सभेत खोली पाण्याकडे. मामा नजर ठेवतील. कोण आहे दुसरी?”

“मी.”

“दर गुरुवारी?” ठेकेदारांनी डोळे बारीक केले. “लग्नकार्यालासुद्धा दिसत नाही तुम्ही.”

खरं होतं तेही. हे गेल्यापासून मी कुणाच्या घरात, कुणाच्या बैठकीत बसलेली नाही. बोलावणी आली, मी “बघते” म्हटलं, आणि मग बोलावणी यायची थांबली.

“येईन,” मी म्हटलं. “शब्द देते.”

मी शब्द फार हात राखून देते. देवाला दिलेला मोडला तर तो मनातलं ओळखतो. माणसाला मनातलं दिसत नाही, त्याला फक्त रिकामी जागा दिसते.

दादांनी “विषय तहकूब” म्हटलं, आणि कुत्र्यांचा विषय पुन्हा निघाला, कारण तो कधी संपतच नाही.

सभा आटोपल्यावर मी पलीकडच्या खोलीच्या दाराशी गेले. दार उघडंच होतं. भिंतीलगत सतरंजी अंथरलेली, टोकापासून टोकापर्यंत, निदान पंधरा जणींना पुरेल एवढी. तिच्या एका कोपऱ्यात पोस्टातल्या बाई, मांडीवर पुस्तक मिटलेलं. हाडकुळ्या, पाठ ताठ.

“मी...” मी सुरुवात केली.

“माहीत आहे. फळ्यांना कान दोन्ही बाजूंनी असतात,” त्या म्हणाल्या. “ठेकेदाराचं बिस्किट पडलं तेही ऐकलं मी. तुम्ही खिडकीजवळच्या. तुमची खुर्ची तीनला वाजते, बाकीच्या साडेतीनला.”

म्हणजे त्यांनाही माझा आवाज येत होता. खुर्चीचा का होईना.

“तुमचे आभार मानायला हवेत,” त्या म्हणाल्या, “पण आधी एक विचारते. दया म्हणून येणार आहात का? तसं असेल तर नका येऊ. खोली गेली तरी चालेल. मला दयेने ऐकणारं माणूस नको.”

मी खरं तेच बोलले. “त्या गोष्टीतली धाकटी बहीण घर सोडून गेली होती. पुढच्या वेळी मी ऐकलं तर ती परत आलेली, आणि कुणी तिच्याशी बोलत नाही. मध्ये काय झालं ते मला कळलेलं नाही.”

बाईंनी माझ्याकडे पाहिलं.

“मध्ये तीन प्रकरणं झाली,” त्या म्हणाल्या. “म्हणजे तुम्ही ऐकत होतात.”

“हो.”

“मी म्हटलं, फळ्याच ऐकतायत.” त्यांनी पुस्तकाचा कोपरा बोटाने सारखा केला. “लोकांना वाटतं, म्हातारीचं डोकं फिरलं, रिकाम्या खोलीला वाचून दाखवते. घरी बोलायला निमित्त नाही हो. दूधवाला पिशवी दाराला अडकवून जातो. मागे एकदा आजारपणात डॉक्टरांनी नाव विचारलं, तर पहिल्यांदा आवाजच फुटला नाही. चार दिवस वापरलाच नव्हता. भ्यायले मी. तेव्हापासून ठरवलं, कुणी येवो न येवो, गुरुवार सोडायचा नाही.”

मी उंबऱ्यातच उभी. ते चार दिवस मला परके नव्हते.

“पण नियम आहेत मंडळाचे,” त्यांचा आवाज पुन्हा जाळीमागचा झाला. “रिकाम्या हाताने बसायचं नाही. रिकाम्या हातांनी बसलं की माणूस दाराकडे बघत राहतं. फाटलेलं, उसवलेलं काहीतरी घेऊन यायचं. आणि आवडलं नाही तर आवडलं नाही म्हणायचं, माना डोलवायच्या नाहीत. जमेल?”

“जमेल.”

“सुई स्वतःची आणा. माझी नजर दोऱ्यापुरती उरलेली नाही.”

पुढचा गुरुवार उजाडला. दुपारच्या पानाला मी आदल्या रात्रीच सांगून ठेवलं होतं, बाबा रे, आठवड्यातून एकदा तू सकाळी. ते वाचून झालं. जेवण झालं, एक ताट, एक वाटी, घासून पालथी. मग शिवायला काय न्यावं ते शोधायला बसले.

कपाट उघडलं. पाच लुगडी, घडीही न मोडलेली. उशांचे अभ्रे काढून पाहिले, शिवण शाबूत. एकीकडच्या उशीला तर सुरकुतीसुद्धा नाही. टॉवेल, चादरी, पायपुसणं. ह्यांचे सदरे मी कधीच देऊन टाकलेत. पूर्वी ह्या घरात रोज काही ना काही उसवायचं. खिसा फाटायचा, बटण तुटायचं, खिळ्याला बाही अडकायची, आणि मी करवादायची, “तुम्ही कपडे घालता की त्यांच्याशी कुस्ती खेळता?” आता सगळं घर चाळलं तरी एक टाका सुटलेला सापडेना. एकट्या माणसाच्या घरात काही फाटतसुद्धा नाही.

मी तशीच कपाटासमोर बसून राहिले. एकदा मनात आलं, निरोप पाठवावा, बरं वाटत नाही. कोण विचारणार होतं? मामांनी दादांना पुन्हा एकच बोट दाखवलं असतं, ताडपत्री निघाली असती, आणि आवाज गेला असता.

उठले. स्वयंपाकघराच्या खिडकीचा पडदा काढला. चांगला, धड पडदा. पायरीवर उजेडाला बसले आणि कात्रीच्या टोकाने त्याची खालची दुमड उसवायला लागले. टाके माझेच, बारीक, घट्ट, निघता निघेनात. थोडी उसवून भागलं असतं, पण पुस्तक जाडजूड आहे. मी सगळी दुमड उसवली. दोरे वेचून कुंडीत टाकले, पडद्याची घडी घातली, त्यात सुईची डबी ठेवली.

खिडकीतून ऊन थेट चुलीपर्यंत आलं होतं. त्याच्याकडे पाहिलं, आणि दार ओढून घेतलं. समोरच्या शिंपिणीने मान वर केली. “वहिनी? ह्या वेळेला? कुठे?”

“मंडळात,” मी म्हटलं, आणि पडदा बगलेत सावरून चालू लागले.